दगडाचं दूध

“केस दे,” बाबा म्हणाले.

मी वाचत होते. पुस्तकातून नजर न काढता डोक्यात हात घातला, एक केस उपटला आणि त्यांच्यापुढे धरला. शाळेत जायला लागल्यापासून हे काम माझ्याकडे होतं. फरक इतकाच, की आता काळा केस शोधावा लागायचा. पांढरा बाबांना चालत नसे. “पांढरा लबाड,” ते म्हणत. “राठ असतो. बोथट पात्यावरही तुटतो आणि आपण उगाच आपली पाठ थोपटून घेतो.”

त्यांनी केसाचं टोक चिमटीत धरलं आणि दुसऱ्या हातातला वस्तरा खालून हळूच वर आणला. केस पात्याला टेकला आणि टेकल्या जागी त्याचे दोन झाले. खालचा तुकडा आरशासमोरच्या फळीवर पडला.

“काय?”

“चालेल,” मी म्हटलं.

“चालेल,” म्हणून बाबांनी वस्तरा मिटला.

आमच्या दुकानात धारेला ‘चांगली’ म्हणायची बंदी होती. ही बंदी बाबांच्या उस्तादाची. धारेचं तोंडावर कौतुक केलं की ती फिरते, असं तो सांगायचा. बाबा तसे असल्या गोष्टी मानणारे नव्हते, पण ही एक त्यांनी आयुष्यभर पाळली. पुढे ती बंदी दुकानातून जिना चढून वर घरात आली आणि प्रत्येक गोष्टीला लागू झाली. माझे मार्क ‘चालेल’. धाकट्या भावाची नोकरी ‘चालेल’. आईने एकदा वैतागून विचारलं होतं, “माझ्या हातचं चांगलं झालंय असं एकदा म्हणालात, तर मी काय फिरणार आहे का?” बाबा ताटातून वर न बघता म्हणाले, “तुझा भरवसा नाही.” आई हसत सुटली होती. मी एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. मी अनुवाद केलेलं पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा बाबांनी ते पावडरच्या डब्याशेजारी उभं करून ठेवलं. एक गिऱ्हाईक उठून दुसरं बसेपर्यंत पान-दीड पान, असं करत कित्येक महिन्यांनी संपवलं. संपवल्यावर ते काय म्हणाले, हे सांगायला नकोच.

मीही त्यांना कधी वेगळं काही म्हटलं नाही. घरची शिस्त.

तो रविवार होता. रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी, म्हणून बाबा स्वतःचा वस्तरा दगडावर घेत. गिऱ्हाइकांसाठी केव्हाच अर्धं ब्लेड आलं होतं. दांडीत बसवायचं, एका माणसाला वापरायचं, फेकून द्यायचं. नियम बरोबर आहे असं बाबाही म्हणत आणि तो काटेकोर पाळत. पण त्या ब्लेडला ते ‘पत्रा’ म्हणत आणि स्वतःच्या गालाला त्यांनी तो कधी लावला नाही.

आरशाखालच्या खणात लाकडी पेट्यांत तीन दगड होते. पातं खरवडलं असेल तर काळा, त्यानंतर हिरवा आणि शेवटी पिवळा. हौसेखातर जुने वस्तरे बाळगणारी चार माणसं आमच्याकडे धार लावायला येत. त्यांचं काम हिरव्यावरच संपे. पिवळा फक्त बाबांच्या वस्तऱ्यासाठी. वर सायीच्या रंगाचा थर आणि खाली जांभळट काळी पाटी चिकटवलेली. तो ज्या डोंगरातून निघायचा तिथली खाण माझ्या जन्माआधीच बंद पडली होती. त्याच्याबरोबर त्याच दगडाचा एक तुकडा होता, वापरून अर्ध्या झालेल्या साबणाएवढा. त्याला आम्ही पिल्लू म्हणत असू. दगडावर पाणी घालायचं आणि पिल्लू गोल गोल घासत राहायचं. हळूहळू दगडाला दूध सुटतं. त्या दुधात वस्तरा फिरवायचा. दूध काढण्याचं काम माझं. वस्तरा फिरवण्याचं बाबांचं. कॉलेजात असताना मी एकदा म्हटलं होतं, “मला बघू द्या ना फिरवून.” बाबा म्हणाले, “त्यात माझी खोड बसलीय,” आणि त्यांनी विषय बदलला. मी त्याचा अर्थ ‘नाही’ एवढाच घेतला. पुन्हा विचारलं नाही.

दारातून वाकून दातवाले डॉक्टर आत आले. ते इतके उंच, की आमच्या दुकानात नेहमी वाकूनच येत आणि काही वेळा बाहेर गेल्यावरही वाकलेलेच राहत. त्यांना जुने दगड जमवायचा नाद होता. बाबांनी धार लावून ठेवलेला त्यांचा वस्तरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी मनगटावरची लव पात्याने उडवून पाहिली.

“वा! काय कारागीर, काय सुरेख—”

“डॉक्टर!”

“चालेल,” डॉक्टर घाईघाईने म्हणाले. “चालेल, चालेल.”

मग नेहमीप्रमाणे त्यांनी पिवळा दगड उचलला. खिशातून पोलादी पट्टी काढून त्याच्यावर उभी ठेवली आणि तो उजेडाकडे धरला. पट्टीच्या खाली मधोमध उजेडाची जाड फट दिसत होती.

“बघा. केवढा खड्डा. मांजर झोपेल यात.”

“मांजर कशाला, मीच झोपतो,” दारातून आवाज आला. समोरच्या दुकानाचा मालक, म्हणून आम्ही त्याला समोरचा म्हणत असू. त्याच्या तोंडावर मी काका म्हणायची. तो आणि बाबा एकाच उस्तादाकडे शिकले आणि नंतर जन्मभर एकमेकांच्या समोर बसून एकमेकांची गिऱ्हाइकं मोजत राहिले. बाबांना तो पोट्या म्हणे. “डॉक्टर, जगात सगळ्यांच्या वस्तऱ्याला धार असते. आमच्या पोट्याच्या वस्तऱ्याला पोट असतं.”

ते खरं होतं. शिकाऊ असताना बाबा वस्तरा दगडाच्या मधल्या भागावरच फिरवत. हे उस्तादाच्या ध्यानात येईपर्यंत दगड मधे खोलगट झाला होता. तो सरळ करायचा तर चहूबाजूंनी घासून खाली आणायला हवा. म्हणजे एवढा दुर्मीळ दगड अर्ध्याहून जास्त पाण्यात जाणार. बाबांचा जीव झाला नाही. त्यांनी दगड तसाच ठेवला आणि त्या खोलगटात वस्तरा झुलवायला शिकले. वर्षानुवर्षं झुलून वस्तऱ्याची धारही मधे फुगली. खोलगटाला पोट बरोबर बसलं. दोघांचा संसार सुरू झाला आणि तिसऱ्या कुणाची गरज उरली नाही.

“मी सरळ करून देतो,” डॉक्टर म्हणाले. हेही नेहमीचंच. “हळूहळू करीन. जपून करीन.”

बाबा दर वेळी म्हणत, “राहू द्या, आता आमची दोघांची सवय झालीय.” त्या रविवारी त्यांनी पट्टीखालचा उजेड जरा वेळ पाहिला.

“न्या,” ते म्हणाले.

समोरच्याने कानात बोट घालून हलवलं. “काय म्हणालास?”

“सरळ करून आणा. तंतोतंत सरळ.”

“अर्ध्याच्या वर जाईल, कारागीर,” आता डॉक्टरच घाबरले.

“राहील तेवढा पुरेल हिला.”

“कुणाला?” समोरच्याने विचारलं.

बाबांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. “शिकवायचंय हिला. माझी खोड हिच्या हातात नको जायला.”

मी पुस्तकातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. मग म्हटलं, “आता? या वयात?”

“कुणाच्या? तुझ्या का माझ्या?”

“दोघांच्या.”

“मग बरोबरीत झालं,” बाबा म्हणाले.

“अरे पण दगड सरळ झाला, तर तुझ्या पोटवाल्याचं काय?” समोरचा म्हणाला.

त्यावर बाबांनी जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी नुकताच मिटलेला वस्तरा पुन्हा उघडला. फळीवरची काचेची बाटली आडवी धरली आणि तिच्या पोटावरून धार हलकेच ओढली. दांडीकडच्या टाचेपासून टोकापर्यंत, एकदाच. ज्या धारेने आत्ता केस पडला, ती गेली.

“मारला,” बाबा म्हणाले. “आता दगड आला की पोट काढून याला पहिल्यापासून सरळ घडवायचा. मागचं काही आठवायला नको त्याला.”

“आणि उद्याची दाढी?”

“दगड आल्यावर.”

“पोट्याची दाढी वाढणार!” समोरचा आनंदाने ओरडला. “दुकान बंद ठेवून बघायला येतो. तिकीट लाव.”

डॉक्टर दगड रुमालात गुंडाळून, छातीशी धरून गेले. पिल्लू माझ्या हातात राहिलं होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. नंतर ते मी रिकाम्या पेटीत ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला जाताना बाबा जिन्यात पडले. किल्ल्या हातातच होत्या.

*

हॉस्पिटलमध्ये त्यांची वाचा गेली आणि उजवी बाजू गेली. दाढी मात्र वाढत राहिली. खुंटं पांढरीशुभ्र होती. मी त्यांचा चेहरा तसा कधीच पाहिला नव्हता, आजारपणात नाही, आई गेली त्या दिवशीसुद्धा नाही. मला त्यांच्याकडे बघताना दुसऱ्याच कुणाच्या खाटेशी उभी राहिल्यासारखं वाटे. एका सकाळी नर्स मशीन घेऊन आली. “आजोबा, जरा चकाचक करू या?” बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने दुसऱ्या बाजूने येऊन पाहिलं. त्यांनी पुन्हा फिरवलं.

“राहू द्या,” मी तिला म्हटलं. मग त्यांना म्हटलं, “बाबा, घरी गेल्यावर करू. आपल्याच वस्तऱ्याने.” डाव्या हाताने त्यांनी माझं बोट दाबलं.

ते घरी आले ते गेल्यावर आले.

धाकटा संध्याकाळी पोचणार होता. तो आल्यावर, उजेड असतानाच, बाबांना न्यायचं ठरलं. वरच्या खोलीत त्यांना खिडकीखाली निजवलं होतं. आत्या उशाशी बसली होती. ती बाबांची थोरली बहीण. कामं उरकावीत तसं रडणं सकाळीच उरकून आता घराचा ताबा घेऊन बसली होती. लोक येत, टेकत, जात. मी जिन्यावरून खाली जात होते, वर येत होते. खाली गेल्यावर का आले ते आठवेना. वर आल्यावर बाबांच्या गालावरची खुंटं दिसत आणि मी परत खाली.

“बस जरा,” आत्या म्हणाली. “पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या?”

“बसते.”

“कधी? तो आल्यावर?”

समोरचा आला तेव्हा त्याच्या हातात कामाची पिशवी होती. त्याने बाबांकडे पाहिलं. तिकीट लाव म्हणाला होता ते त्यालाही आठवलं असावं, कारण त्याने लगेच नजर काढली. “पोरी, दोन मिनिटांचं काम आहे. करून टाकतो.”

“कशाने, काका?”

तो पिशवीचं तोंड मुठीत आवळून उभा राहिला.

“पत्र्याने नको,” मी म्हटलं.

“अगं, नवा कोरा आहे.”

“मी त्यांना सांगितलंय. आपल्याच वस्तऱ्याने करू म्हणून.”

“तो तर मारून ठेवलाय त्याने. माझ्या डोळ्यांदेखत.”

“मग जिवंत करते.”

फोन वाजला. धाकटा रस्त्यात होता. मी जिन्यात उभी राहून त्याला वस्तऱ्याचं सांगितलं. तो मग हळूच म्हणाला, “ताई, आता त्यांना काय फरक पडतो?”

“त्यांना नसेल पडत.”

“मग?”

“तू नीट ये,” म्हणून मी फोन ठेवला. वर पुन्हा गेलेच नाही. तशीच चपला घालून डॉक्टरांकडे निघाले.

डॉक्टरांच्या खुर्चीत एक बाई तोंड उघडून आडवी होती. मला बघून डॉक्टर उठले. बातमी त्यांना पोचली नव्हती. त्यांना वाटलं, मी दगडाची चौकशी करायला आलेय. “झाला, झाला,” ते आनंदाने म्हणाले आणि आतून टॉवेलात गुंडाळलेला दगड घेऊन आले. “कालच झाला. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये आणणार होतो. म्हटलं, दाखवला तर तेवढीच हुशारी येईल त्यांना.” त्यांनी दगडावर पट्टी उभी ठेवून उजेडाकडे धरली. पट्टीखाली केसाएवढीही फट नव्हती. दगड निम्म्यावर आला होता. एका टोकाला तर खालची काळी पाटी दिसायला लागली होती.

“डॉक्टर, बाबा गेले. पहाटे.”

पट्टी त्यांच्या हातातच राहिली. खुर्चीतल्या बाईने तोंड मिटलं.

“मला माहीत असतं,” ते म्हणाले, “तर मी हात लावला नसता.”

“त्यांनीच सांगितलं होतं.”

“तो खड्डा... इतक्या वर्षांचा त्यांचा हात होता हो त्यात.”

“त्यांनीच सांगितलं होतं, डॉक्टर,” मी पुन्हा म्हटलं. मला रडायचं नव्हतं, मला धार हवी होती. वस्तऱ्याचं सांगितलं. ते म्हणाले, पोट काढून सरळ करायला निदान एक दिवस लागेल, उद्यापर्यंत देतो. मी म्हटलं, संध्याकाळी न्यायचंय. त्यांनी दगड पुन्हा टॉवेलात गुंडाळला, लहान मुलाला गुंडाळावं तसा, आणि माझ्या हातात दिला.

दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि बाबांच्या स्टुलावर बसले. दगडावर पाणी घातलं. वस्तरा आडवा ठेवला. तो मधेच टेकला. टाच हवेत, टोक हवेत. तरी ढकलला. पुढे, मागे, पुढे, मागे. बाबांच्या हाताखाली जो एकसारखा, मऊ आवाज येई, तो येईना. नुसती मधली खरखर. वस्तरा तिरका करून पाहिला, कलवून पाहिला. टोक लागे तेव्हा टाच सुटे. केस उपटून पाहिला. मधे जेमतेम चावला, दोन्ही कडांना नुसता वाकून बाजूला झाला. हिरवा दगड काढला. तोही सरळ. परत ठेवला. उठले, दारापर्यंत गेले, परत आले. नळ चालू केला, बंद केला. आरशात बाई दिसली ती मीच होते. केस विस्कटलेले, हातात उघडा वस्तरा. तिला बघून कुणीही पळून गेलं असतं.

वरून आत्याचा आवाज आला, “काय करतेयस खाली?”

“आले!”

सगळं आवरायचं ठरवून मी पिवळ्याची पेटी उघडली. आत पिल्लू होतं.

ते हातात घेतलं आणि नेहमीच्या सवयीने, काही विचार न करता, ओल्या दगडावर ठेवलं. ते डुललं. सरळ दगडावर ते नीट बसेचना. उलटं करून पाहिलं. त्याची खालची बाजू गोल झाली होती. होणारच. इतकी वर्षं मी ते बाबांच्या खड्ड्यात घासत आले होते. दगडाचा खड्डा डॉक्टरांच्या मोरीतून वाहून गेला होता. पण तो जसा होता तसा, उलटा, माझ्या हातात होता.

वस्तरा डाव्या हातात घट्ट धरला. पिल्लूची कड पात्याच्या पाठीला आणि धारेला एकाच वेळी टेकवली. दगडावर थोडं दूध काढलं, ते पात्याला माखलं, आणि पिल्लू बारीक बारीक गोल फिरवत टाचेकडून टोकाकडे नेलं. मग पातं पालटून दुसरी बाजू. पिल्लू एवढंसं, त्यामुळे एका वेळी धारेचा जरासाच भाग धरत होतं आणि तिचं पोट सोडत नव्हतं. जिथे पातं वळे तिथे ते वळत होतं.

शटरखालून समोरच्याचे पाय दिसले. तो वाकून आत आला आणि उभा राहून बघत राहिला.

“असं नसतं लावत, पोरी. दगडावर वस्तरा फिरवतात. वस्तऱ्यावर दगड नाही.”

“मला एवढंच फिरवायला शिकवलंय, काका.”

तो आणखी काही बोलणार होता. पण त्याने पात्यावरचं दूध पाहिलं. पांढरं दूध करडं व्हायला लागलं होतं. म्हणजे पोलाद सुटत होतं. त्याने दुसरं स्टूल ओढलं आणि बसला.

“दाबू नकोस,” थोड्या वेळाने तो म्हणाला. मग, “आता पाणी घाल. पातळ कर.” मग पुन्हा, “अजून पातळ. दूध नको आता, नुसतं पाणी.” मी तो सांगेल तसं करत होते. त्या दोघांच्या उस्तादाने मला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा आवाज बहुधा असाच असणार. एकदा मान वर केली तर समोरचा माझ्या हाताकडे नाही, बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता.

“पट्टा मला दे,” शेवटी तो म्हणाला. “ते तुला नाही जमणार. पट्टा कापशील आणि पोट्या मला शिव्या देईल.” भिंतीवरच्या चामड्याच्या पट्ट्याचं टोक ओढून त्याने वस्तरा त्याच्यावर परजला. वर, खाली, वर, खाली. मग दांडी माझ्याकडे करून वस्तरा पुढे धरला.

मी आरशात बघून एक काळा केस शोधला. टाचेला धरला. पडला. मधे. पडला. मग टोकाला. तोही पडला.

“काय?” समोरच्याने विचारलं.

मी वस्तरा मिटून वर गेले.

आत्याने गरम पाणी आणून ठेवलं. बाबांचा ब्रश, बाबांच्या साबणाची वाटी. मी फेस केला आणि गालाला लावला. खुंटं फेसाखाली गेली आणि चेहरा निम्मा ओळखीचा झाला. समोरचा उशाकडे गुडघे टेकून बसला. त्याने दोन बोटांनी बाबांच्या कानाजवळची कातडी वर ताणली.

“मी धरतो. तू हात सैल सोड.”

“तिला येतं का?” आत्याने घाबरून विचारलं.

“तिला नाही,” समोरचा म्हणाला. “वस्तऱ्याला येतं.”

मी वस्तरा कानशिलाजवळ टेकवला आणि खाली आणला. तो मऊ, एकसारखा आवाज आला. अभ्यास करताना, गोष्टी वाचताना, मुद्रितं तपासताना, जन्मभर मी तो आवाज पाठमोरी बसून ऐकला होता. समोरून आज पहिल्यांदा. फेसाच्या पट्ट्याखालून बाबांचा गाल बाहेर आला, जसा रोज सकाळी येई तसाच. वस्तऱ्याचं पोट जबड्याच्या खळग्यात आपोआप उतरलं. हनुवटीखाली मी थांबले, तर समोरच्याने बोट सरकवून जागा करून दिली. कुठे ओढलं गेलं नाही, कुठे अडकलं नाही. सकाळपासून पहिल्यांदाच त्या खोलीत मी एका जागी बसले होते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा दुसरा गालही झाला होता.

ओल्या फडक्याने आत्याने चेहरा पुसला. “हं. आता आमचा दिसतोय,” ती म्हणाली आणि सकाळी संपलेलं तिचं रडणं पुन्हा सुरू झालं. खाली गाडीचं दार वाजलं. धाकटा दोन दोन पायऱ्या चढत वर आला आणि दारातच थांबला. त्याने बाबांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या वस्तऱ्याकडे.

समोरच्याने आपल्या बोटांची मागची बाजू बाबांच्या गालावरून फिरवली, गिऱ्हाईक उठण्याआधी फिरवतात तशी. मग उलट्या दिशेने एकदा.

“चालेल,” तो म्हणाला.

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. आमच्या घरात यापुढचं उत्तर ठरलेलं होतं. मी वस्तरा पुसला, मिटला आणि बाबांच्या उशाशी ठेवला.

“नाही, काका,” मी म्हटलं. आणि मग बाबांना, दारात उभ्या असलेल्या धाकट्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, “चांगली आहे, बाबा. धार चांगली आहे. पहिल्यापासून चांगलीच होती.”